सतराव्या बरणीतला हिरवा साप

१

सोमवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास दिपमाला मॅडमनी सतरा नंबरची बरणी खिडकीपाशी नेली, भिंग डोळ्याला लावलं, बरणी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवली आणि शांतपणे म्हणाल्या, "हा चापडा नाही."

सुपडू नानांच्या हातातलं फडकं तिथेच गळून पडलं.

जळगावच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात एकशे बारा बरण्या होत्या आणि चौतीस वर्षं त्या पुसणारा माणूस एकच, प्रयोगशाळेचे परिचर सुपडू नाना. बायकोने बाजारातून काय आणायला सांगितलं ते त्यांना घराचा उंबरा ओलांडेपर्यंत आठवत नसे, पण कुठल्या बरणीतलं स्पिरिट कधी बदललं ते तारखेनिशी सांगत. येत्या तीस तारखेला ते निवृत्त होणार होते. शाल, नारळ, ग्रुप फोटो, सगळं ठरलं होतं. लेक आणि जावई जामनेरहून येणार होते आणि लेकीने त्या दिवसासाठी बापाला नवा सदराही शिवून घेतला होता.

एकशे बारांतली मानाची बरणी ही सतरावी. पन्नास-एक वर्षांपूर्वी कॉलेजच्या पहिल्या प्राध्यापकांनी यावलच्या वर सातपुड्यात पकडलेला चापडा, झाडाझुडपांत राहणारा विषारी हिरवा साप, तिच्यात होता. दिपमाला मॅडम धुळ्याहून आल्या होत्या त्या खास त्याच्यासाठी. सापांच्या बाबतीत खान्देशात त्यांचा शब्द शेवटचा. डॉक्टर, वनखातं, पोलीस, सगळे मेलेला साप पिशवीत घालून त्यांच्याच दारात उभे राहत. त्यामुळे शेजारणी त्यांच्याकडे हळदीकुंकवालासुद्धा जरा दबकूनच जात.

"एके काळी आशियातले झाडून सगळे हिरवे चापडे एकाच नावाखाली कोंबले होते, नाना," मॅडम आल्या आल्या म्हणाल्या होत्या. "दिसला हिरवा, की टाक त्याच पोत्यात! मग कुणी खवले मोजले, कुणी रक्त तपासलं, तेव्हा त्या पोत्यातून कितीतरी जाती निघाल्या. आपला सातपुड्यातला आणि सह्याद्रीतला चापडा एकच की वेगळा, ते मला बघायचंय. त्यासाठी जुना, खात्रीचा नग पाहिजे. तो तुमच्याकडे आहे."

आणि आता त्या म्हणत होत्या, तो नाही.

"हे बघा," मॅडमनी भिंग नानांच्या हातात दिलं. "ह्याच्या डोक्यावर फरशा बसवाव्यात तसे मोठे खवले आहेत. चापड्याचे बारीक असतात, बाजरीसारखे. चापड्याची बाहुली मांजरासारखी उभी, ह्याची गोल. आणि डोळा नि नाकपुडी ह्यांच्या मधे चापड्याला एक खळगा असतो, त्याने तो अंधारात उंदराची ऊब टिपतो. इथे खळगा आहे कुठे? हा गवत्या आहे. बेडकं खाऊन राहणारा गरीब साप. चावला तरी माणूस फक्त घाबरतो."

नानांनी भिंगातून बघितलं. 

"मंग मन्हा चापडा कोठे गया?" त्यांनी विचारलं.

 दारात गोळा झालेल्या सगळ्यांची नजर एकाच जागी गेली. नानांच्या कमरेला कपाटाची किल्ली लटकत होती.

२

प्राचार्य अभिमन पवार वाणिज्य शाखेचे. सापाबद्दल त्यांना दोनच गोष्टी ठाऊक होत्या. तो चावतो, आणि त्याच्या विषाला सोन्याचा भाव येतो.

"सापाचं विष विकणारी टोळी असते म्हणे," ते खुर्चीत पुढे सरकत म्हणाले.

"सर, पन्नास वर्षं स्पिरिटमध्ये बुडालेल्या सापाचं विष कुणी विकत घेतलं," मॅडम म्हणाल्या, "तर त्या गिऱ्हाइकालाच बरणीत भरून ठेवा. दुर्मीळ नग आहे."

प्राचार्य हसले नाहीत. त्यांच्यापुढे साधा हिशेब होता. कपाट एक, किल्ली एक, ती ज्याच्या कमरेला तो माणूस एक. शिवाय यावलचा सर्पमित्र हिलाल तडवी नानांचा जिगरी दोस्त, दर पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत येऊन चहा पिणारा.

"पाच वाजेपर्यंत वाट बघतो," ते म्हणाले. "नाहीतर पोलिसांत तक्रार. आणि नाना, तीस तारखेच्या कार्यक्रमाचं आपण... नंतर बघू."

नाना व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. पोलिसांची त्यांना तितकी भीती वाटली नाही. पण लेकीला फोन करून येऊ नको म्हणायचं, आणि ती का म्हणून विचारणार, ह्याची वाटली. आयुष्यात त्यांनी कॉलेजातली टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती.

कार्यालय अधीक्षक महावीर भाऊ कोटेचा स्वतः चहा घेऊन आले. भाऊंच्या घरी चार भाऊ दाणाबाजारात गादीवर बसत, हे एकटेच नोकरीत शिरले होते. कागदाला कागद जोडल्याशिवाय ह्या माणसाने कधी पेन्सिलसुद्धा हलवली नाही. तीस वर्षं दोघांचा दुपारचा चहा एकत्र होई. दर संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, भाऊ सगळ्या कॉलेजभर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत फिरत, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणत. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाला सोडत नसत. ह्या वर्षी तर ते नानांच्या पायाशीच वाकले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. नानांना तेव्हा उगीच अवघडल्यासारखं झालं होतं.

"घ्या नाना, गरम आहे," भाऊ म्हणाले, कप बाकावर ठेवला आणि नानांकडे न बघताच निघून गेले.

नानांना वाटलं, झालं. हा पण माले चोर समजस.

३

"ही किल्ली तुमच्या कमरेवरून कधी उतरली होती?" मॅडमनी बाकावर शेजारी बसत विचारलं.

"एकदाच. ऑगष्टमा. मोतीबिंदूनं आपरेशन व्हतं, आठ दिन रजा लिधी. किल्ली हाफिसना फळावर टांगी गऊ. नेहमीनी पद्धत शे."

"आणि त्याच आठवड्यात?"

"रंगकाम." कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती येणार म्हणून त्या आठवड्यात कॉलेज आतून-बाहेरून रंगवून काढलं होतं. ज्या भिंतीला पंचवीस वर्षं कुणी हात लावला नव्हता तीसुद्धा गुलाबी झाली होती.

"म्हणजे किल्ली सगळ्यांच्या हाताशी होती," मॅडम म्हणाल्या. "बरं, परत आल्यावर तुम्हाला बरणीत काही वेगळं दिसलं?"

नानांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, कोणले सांगू नका. तो साप माले पहिलेपासून निळा दिखे. आभायनामायक निळा. आपरेशननंतर देखं तं हिरवा! डाक्टर बोलना व्हता, नाना, आते बठ्ठा रंग खरा दिखतीन. रजिस्टरमाबी हिरवाच लिखेल शे. मी समजनू, इतला वरीस मन्हाच डोया खोटा व्हता. नवकरीना शेवटला महिना, डोया कामातून गया व्हता आसं कोन सांगी?"

दिपमाला मॅडम एकदम उभ्या राहिल्या. इतक्या झटकन, की कपातला चहा हिंदकळला.

"निळा? नक्की?"

"देवनी आण."

"नाना," मॅडम म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला, "तुमचा डोळा खोटा असो की खरा, मला त्या निळ्या रंगाचा दुसरा साक्षीदार पाहिजे. मिळाला, तर तुम्ही सुटलात."

४

आधी हिलाल आला, यावलहून मोटारसायकल दामटत. चोरीचा आळ आपल्यावरही आहे हे ऐकून तो इतका चिडला होता, की हेल्मेट न काढताच बोलू लागला.

"मॅडम, मी बारा वर्षं साप पकडतो. चापड्याच्या जागी गवत्या ठेवला असता तर मला माझीच लाज वाटली असती. माझ्या पोरीलापण कळतं!" मग बरणीत डोकावून म्हणाला, "हा काठीने मारलेला नाही. इथे बरगड्या चपट्या झाल्यात बघा. गाडीखाली आलाय. केळीच्या बागांमधून जो रस्ता जातो ना यावलकडे, तिथे पावसाळ्यात रोज एक-दोन मरतात."

मग आले ललित सर, विभागातले नवे प्राध्यापक. जूनमध्येच रुजू झालेले, अभ्यास माशांचा. त्यांनी सतरावी बरणी हातात तरी घेतली होती का, ह्या प्रश्नावर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"खरं सांगू? नाही. मी बरण्यांची यादी रजिस्टरवरून टाईप केली."

"आणि रंगकामाच्या आठवड्यात?"

"नाशिकला होतो. प्रशिक्षणाला. रोज दोनदा हजेरी घ्यायचे."

ललित सर जायला वळले तोच मॅडम म्हणाल्या, "थांबा. जुलैत मुलांना चापड्याची आकृती काढायला दिली होती ना? जर्नल कुठे आहेत?"

जर्नलचा गठ्ठा आला. बत्तीस मुलांनी पुस्तकातून हिरवा साप उतरवला होता. तेहेतिसावं जर्नल पलक ललवाणीचं. तिचा साप निळा होता. बाजूला ललित सरांच्या लाल शाईत शेरा होता, 'रंग चुकला. चापडा हिरवा असतो. एक गुण वजा.'

पलकला वर्गातून बोलावलं. ती तावातावानेच आली.

"मॅडम, मी बरणी समोर ठेवून काढला होता. निळाच होता! सरांना सांगितलं तर म्हणाले, पुस्तक बघ. माझा एक गुण गेला."

ललित सर खिडकीबाहेर बघू लागले. नाना मात्र बाकावर बसले ते डोळे मिटूनच. इतकं हलकं त्यांना ऑपरेशनची पट्टी सुटली तेव्हाही वाटलं नव्हतं. डोळा खरा होता.

"आता बरणीचं झाकण," मॅडम म्हणाल्या. "नाना, तुम्ही झाकण कशाने बंद करता?"

"मेण. वरतून दोरा."

"मग हे काय आहे?" झाकणाच्या कडेला, मेणाच्या पातळ थराखाली, लाल रंगाचा एक चपटा थेंब होता. नखाने खरवडला तर टणक.

नानांनी तो वासावरूनच ओळखला, आणि ओळखल्याचं त्यांना वाईट वाटलं.

"लाख," ते म्हणाले. "परीक्षाना पेपरना गठ्ठा सील करतस, ती."

५

पावणेपाचला मॅडमनी सगळ्यांना रेकॉर्ड रूममध्ये बोलावलं. प्राचार्य घड्याळ बघत आले. महावीर भाऊ सर्वांत शेवटी आले आणि दाराशीच उभे राहिले.

"हिरव्या सापाच्या कातडीत हिरवा रंग नसतोच," मॅडमनी सुरुवात केली. "खाली निळी झाक असते, तिच्यावर पिवळा. दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. स्पिरिट त्यातलं पिवळं तेवढं धुऊन नेतं, हळदीचं लुगडं धुतल्यासारखं. पन्नास वर्षं बरणीत राहिलेला चापडा निळाच असणार. म्हणजे नानांना दिसलं ते बरोबर, पलकने काढलं ते बरोबर, आणि रजिस्टरही बरोबर, कारण ती नोंद पकडल्या दिवशीची."

"मग?" प्राचार्य म्हणाले.

"मग चौतीस वर्षं तो निळा साप पुसणारा माणूस त्याच्या जागी हिरवा कशाला ठेवेल? नाना चोर असते तर त्यांनी निळा शोधला असता. हिलाल असता तर त्याने निदान चापडा ठेवला असता. ललित सर नाशिकला होते. हे काम अशा माणसाचं, ज्याला साप ओळखता येत नाही, पण रजिस्टर नीट वाचता येतं. लिहिलंय हिरवा, तर हिरवाच पाहिजे. ज्याने साप मारला नाही, रस्त्यावर मेलेला उचलला. आणि ज्याचा हात झाकण बंद करताना आधी लाखेकडे गेला, मग चूक लक्षात येऊन त्याने वरून मेण लावलं."



"आता खरा चापडा कुठे आहे?" मॅडम म्हणाल्या. "चोराने तो कधीच फेकला असता. पण हा चोर नाही, कार्यालयातला माणूस आहे. कार्यालयातला माणूस मोडकी खुर्चीसुद्धा निर्लेखनाचा ठराव झाल्याशिवाय बाहेर टाकत नाही. म्हणून मी तुम्हाला इथे बोलावलं."

महावीर भाऊ दारातून पुढे आले. त्यांनी खालच्या फळीवरचे जुन्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे बाजूला केले आणि मागून एक चिनी मातीची लोणच्याची बरणी काढली. तिच्यावर कागद चिकटवला होता. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'संग्रहालय नग क्र. १७. खराब झाल्यामुळे निर्लेखनासाठी प्रलंबित.' खाली तारीख आणि पूर्ण सही.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

"रंगारी सापाला घाबरत होते," भाऊ म्हणाले.  "म्हणून बरण्या मीच हलवल्या. ही निसटली. बरणी वाचली, झाकण उडालं, साप फरशीवर. बघतो तर निळा! रजिस्टर काढलं, तर हिरवा. मला वाटलं हवा लागली, टर्पेंटाईन लागलं, माझ्या हातून सडला. नानांनी चौतीस वर्षं जपलेला, मी एका दिवसात घालवला. यावलला बहिणीकडे जाताना तो दुसरा मेलेला दिसला, आणला. हा फेकवेना. सरकारी नग, शिवाय जीव होता एकेकाळी. स्पिरिट ओतून ठेवला."

मॅडमनी चिमट्याने साप अलगद बाहेर काढला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो निळाभोर चमकला. डोकं त्रिकोणी, वर बाजरीसारखे खवले, डोळा आणि नाकपुडीच्या मधे टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. त्यांनी पोट उलटून दाखवलं. लांब शिवण होती, काळ्या दोऱ्याची.

"रजिस्टरमधली पुढची ओळ कुणी वाचलीच नाही," त्या म्हणाल्या. "'मादी. पोटात सात पिल्ले. छेद काळ्या दोऱ्याने शिवला.' चापडा अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. हीच ती. एक खवलासुद्धा गेलेला नाही, भाऊ. तुम्ही काहीच घालवलं नाही."

महावीर भाऊ खालीच बसले, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर. दीड महिन्याचं ओझं उतरलं आणि माणूस मुलासारखा रडू लागला.

नाना मात्र अजून उभेच होते. त्यांच्या ओठांवर राग आला होता, आणि तो खोटा नव्हता.

"पाच तास," ते म्हणाले. "सकायपासून पाच तास मी चोर व्हतू, महावीर भाऊ. तू माले चाय आनी दिधा, पन एक शबद बोलना नही."

"तीनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो, नाना. तीनदा परत फिरलो. पाचच्या आत बोलणारच होतो, पण हा शब्द आता कोण खरा मानणार?" भाऊ उठले, नानांपुढे आले आणि हात जोडून वाकू लागले. "नाना, मला माफ..."

नानांनी त्यांचे दोन्ही दंड धरले आणि वाकू दिलं नाही. संवत्सरीच्या दिवशी हाच माणूस आपल्या पायाशी का वाकला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी का होतं, ते त्यांना आत्ता समजलं. तेव्हा त्यांनी कशाबद्दल ते विचारलंही नव्हतं. नुसतं भाऊंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, आसू दे भाऊ, माफ.

"माफी तं मी तुले त्याच दिन दिधी शे," नाना म्हणाले. "दिधेल वस्तू मी परत लेत नही. एकच माफी दोनदा मांगाले चालस का तुन्हा धरममा?"

भाऊंना रडता रडता हसू फुटलं. हिलालने शेवटी हेल्मेट काढलं. प्राचार्यांनी दोनदा घसा खाकरला आणि, तीस तारखेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच होईल, असं अगदी नोटीस वाचल्यासारखं जाहीर केलं. पलकने ललित सरांकडे बघितलं. सरांनी खिशातून लाल पेन काढलं, जर्नल मागून घेतलं आणि निमूटपणे एक गुण परत दिला.

मॅडम खवले मोजायला बसल्या. नानांनी सतरावी बरणी धुतली, नवं स्पिरिट भरलं आणि मेण वितळायला ठेवलं. मग काळा चष्मा काढून खिशात टाकला, आणि मॅडमचं मोजून होईपर्यंत त्या निळ्या सापाकडे बघत बसले.

"महावीर भाऊ," त्यांनी दाराकडे न बघताच हाक मारली, "त्या गवत्याले नवी बरनी पाहिजे. एकशे तेरावी. रजिस्टरमा नोंद तू कर. आनी रंग लिख, हिरवा. आज तरी हिरवाच शे."